तेविसावी तोटी

सेत्तीमिओ ग्रास्सेल्लीने चाळीस वर्षं लोकांना भिजवलं आणि त्याचा पगार घेतला. आमच्या गावाच्या डोक्यावर त्रेफोन्तीचा विला आहे, पुढे बाग आणि मागे ओकच्या राईचं मोठं उद्यान. साडेचारशे वर्षांपूर्वी एका कार्डिनलला पाहुण्यांची फजिती करायची हौस आली. त्याने दगडी बाकांत, पायऱ्यांत, मूर्तींच्या नाकाकानांत बारीक नळ्या बसवून घेतल्या. पाहुणा ऐटीत बाकावर टेकला की खालून पिचकारी. कार्डिनल हसायचा म्हणून बाकीचे हसायचे, आणि भिजलेला सगळ्यांत मोठ्याने हसायचा, कारण त्याला पुन्हा जेवणाचं आमंत्रण हवं असायचं. असली थट्टा चालवायला भिंतीआड एक माणूस लागतो, आणि तो माणूस पाच पिढ्या ग्रास्सेल्लींच्या घरातला होता.

शंखशिंपल्यांनी मढवलेल्या गुहेच्या मागे एक ओलसर खोली आहे, जेमतेम तीन पावलांची. तिथे भिंतीवर पितळी चाकं. इशाऱ्याची घंटा वाजली की सेत्तीमिओ चाक फिरवायचा. चाळीस वर्षांत भिजलेला माणूस म्हणून त्याने डोळ्यांनी पाहिला नाही, फक्त ऐकला. किंकाळीवरून तो सांगायचा, हा पाद्री, ही नवी नवरी, हा जर्मन. बारमध्ये लोक त्याच्याकडून नकला करवून घ्यायचे आणि कॉफी पाजायचे. स्वभावाने तसा बरा माणूस. पण आत कुठेतरी गाठ मारलेला, आणि ती गाठ बापाने मारून दिलेली.

ईस्टरनंतरच्या सोमवारी मालक प्रिन्स गावासाठी फाटक उघडायचा. त्या दिवशी वर्षातल्या नव्या जोडप्यांनी गुहेसमोरच्या बाकावर बसायचं आणि भिजायचं अशी आमच्याकडची रीत. सेत्तीमिओचं लग्न झालं त्या वर्षी त्याचा बाप एजिस्तो सकाळी कसाबसा राईत चक्कर मारून आला आणि कंबर धरून अंथरुणात पडला. मग चाकावर कोण? नवरदेवच. अर्जिया बिचारी बाकावर एकटी बसली आणि भिंतीआडून तिच्या नवऱ्याने तिला नखशिखांत भिजवलं. बायकांनी हे तिला मरेपर्यंत ऐकवलं. ती हसून घ्यायची, पण तिला ते लागलं होतं. ती गेली तेव्हा त्यांची एकुलती एक ओर्नेल्ला एकोणीस वर्षांची होती.

आता त्या गाठीची गोष्ट. चाकं आणि तोट्या मिळून बावीस, असं सगळ्यांना ठाऊक होतं. कोणती आधी, कोणती नंतर, किती आटे फिरवायचे, हे एजिस्तोने मुलाला लहानपणीच पाठ करून घेतलं होतं. तेविसावी तोटी मात्र त्याने सांगितली ती हॉस्पिटलच्या खाटेवर, शेवटच्या दिवशी, नर्सचं काम करणाऱ्या ननला बाहेर घालवून, मुलाच्या कानात. ती तोटी वर राईत होती, एका सपाट दगडाखाली. डोंगरावरच्या हौदातून गुहेकडे येणारा शिशाचा जुना नळ तिथे उंचवट्यावरून वळतो आणि त्या वळणात हवा कोंडते. पाणी सोडण्याआधी ती तोटी उघडून नळाला श्वास घेऊ द्यावा लागतो. नाही दिला तर हवा आणि पाणी आत भांडतात आणि नळ फुटतो. एजिस्तो म्हणाला, "सगळं सांगून बसलास तर त्यांना तुझी गरज काय राहिली?" आणि तासाभरात गेला. समजा, तो सकाळीच गेला असता तर? हा प्रश्न सेत्तीमिओला कधी पडला नाही. घराण्याची रीत होती, आणि रीतीला प्रश्न विचारायची आमच्याकडे पद्धत नाही.

तेव्हापासून पाणी सोडायच्या दिवशी सेत्तीमिओ आधी राईत जायचा. कुणी विचारलंच तर म्हणायचा, लघवीला. एकदा, दोनदा, दहादा. होता होता गावाने ठरवून टाकलं की सेत्तीमिओला लघवीचा त्रास आहे. ओरेस्ते न्हावी, त्याचा जिवलग मित्र, त्याच्यासाठी दर आठवड्याला भोपळ्याच्या बिया आणायचा. सेत्तीमिओ त्या निमूटपणे चघळायचा. मित्राशी वीस वर्षं खोटं बोलणं त्याला जड गेलं नाही, कारण त्याच्या लेखी ते खोटं नव्हतंच, नोकरीचा भाग होता.

ओर्नेल्ला शाळा सुटली की त्या ओल्या खोलीत बापाशेजारी येऊन उभी राहायची. बावीसच्या बावीस तिला तोंडपाठ. तिचा हात बापापेक्षा हलका होता, हे तो स्वतः कबूल करायचा. मग तेविसावी का सांगितली नाही? आधी त्याला वाटलं, पोरगी आहे, उद्या लग्न होऊन जाईल आणि तोटी परक्या घरी जाईल. पोरीने लग्न केलं नाही. ती खालच्या गावातल्या वॉशबेसिनच्या कारखान्यात चकाकीचा हात मारायला लागली आणि अठरा वर्षं तिथे टिकली. म्हणजे ते कारणही उरलं नाही. नुसतं न सांगणं तेवढं उरलं, सवयीसारखं.

प्रिन्स मेला, वारस भांडले, विलाला नऊ वर्षं कुलूप लागलं. कारंजी कोरडी पडली, छाटलेल्या झुडपांच्या रांगांत डुक्करं फिरू लागली. फाटकाजवळच्या दोन खोल्यांत सेत्तीमिओ मात्र राहतच होता, कारण त्याला काढायचं कुणी हे वारसांचं ठरलं नव्हतं. मग एका न्यासाने बाग ताब्यात घेतली आणि तेबाल्दीबाई आल्या. आर्किटेक्ट. उंच, कोरड्या, वेळेच्या पक्क्या. बाई वाईट नव्हती, हे मला सांगितलंच पाहिजे, कारण गावात नंतर तिच्याबद्दलही बरंच वाईट बोललं गेलं. तिने सेत्तीमिओला शोधून काढलं, समोर टेपरेकॉर्डर ठेवला आणि तीन आठवडे त्याच्याकडून बागेचं पाणी शब्दाशब्दाने लिहून घेतलं.

त्याची एकच अट होती. चाकं ओर्नेल्लाच्या हातात द्यायची, आणि फाटकाजवळच्या खोल्या तिच्याकडे राहायच्या. बाईने न्यासाकडून तसं लेखी आणून दिलं, एक वर्ष उमेदवारी आणि मग कायम. सेत्तीमिओने तो कागद अर्जियाच्या फोटोमागे ठेवला. त्या तीन आठवड्यांइतका खूश तो आयुष्यात कधी नव्हता. चाळीस वर्षं भिंतीआड काढलेल्या माणसाचं कुणीतरी ऐकत होतं, लिहून घेत होतं, पुन्हा सांगा म्हणत होतं. शेवटच्या दिवशी बाईने सरळ विचारलं, "काही राहिलं आहे का?"

"नाही," सेत्तीमिओ म्हणाला. "बावीस. सगळ्या झाल्या."

टेप चालू होती.

त्याला वाटलं, आपण पोरीच्या भल्याचं करतोय. एक गोष्ट घरात राहिली म्हणजे हे लोक तिला कधी काढू शकणार नाहीत. योग्य वेळ आली की तिला सांगू. योग्य वेळ म्हणजे त्याच्या डोक्यात काय होतं, तर खाट, हॉस्पिटल आणि बाहेर घालवलेली नन. बापाने त्याला दुसरं काही दाखवलंच नव्हतं. त्याच्याच सांगण्यावरून ओर्नेल्लाने कारखान्याचा राजीनामा दिला. मुकादम म्हणाला, बाई, विचार कर, कारंज्यांवर कुणाचं पोट भरतं का? ती म्हणाली, आमचं पाच पिढ्या भरलंय.

मार्चमध्ये तीनदा चाचणी झाली. तिन्ही वेळा सेत्तीमिओ आधी राईत जाऊन आला, तिन्ही वेळा पाणी सुरळीत आलं, आणि तेबाल्दीबाईंनी हातातल्या कागदावर तीनदा बरोबरची खूण केली. ओर्नेल्लाने त्या क्रमाचा तक्ता करून चाकांवर टांगला. बावीस ओळी, गोल अक्षरात. बाप तो तक्ता बघत उभा राहायचा. अभिमान वाटायचा त्याला, आणि खरं सांगायचं तर थोडी गंमतही वाटायची, की बघा, कागदावर सगळं आहे आणि तरी नाही.

उद्घाटन ईस्टरनंतरच्या सोमवारी ठरलं. आदल्या रात्री पाऊस पडला होता, सकाळ लख्ख निघाली. गाव डबेदुबे घेऊन वर चढलं, बँड आला, नगराध्यक्ष तिरंगी पट्टा लावून आले. आणि तेबाल्दीबाईंनी सेत्तीमिओला निरोप धाडला की आज त्याने भिंतीआड जायचं नाही. त्याने बाकावर बसायचं, नगराध्यक्षांच्या शेजारी. ज्याने साऱ्या गावाला भिजवलं त्याला आज त्याची मुलगी भिजवणार. कल्पना खरंच छान होती. गावाला तर ती इतकी आवडली की बायका सकाळपासून त्याला टॉवेल दाखवत होत्या. त्याने लग्नातला कोट घातला होता.

साडेदहाला तो राईकडे निघाला. वाटेवर दोरी बांधलेली होती आणि दोन पोलीस उभे होते. मागे पाहुण्यांसाठी खाण्याची टेबलं मांडली होती. त्याने लघवीचं सांगितलं. पोलिसाने हसून कोपऱ्यातली नवी कोरी स्वच्छतागृहं दाखवली. त्याने दुसऱ्या बाजूने जाऊन पाहिलं, तिथेही दोरी. मग तो जवळजवळ धावतच गुहेमागच्या खोलीत गेला.

ओर्नेल्ला चाकांसमोर उभी होती, निळ्या नव्या कपड्यांत, छातीवर तिचं नाव शिवलेलं. शेजारी न्यासाचा इंजिनियर वही घेऊन.

"जरा बाहेर ये," सेत्तीमिओ म्हणाला.

"आत्ता? बाबा, दहा मिनिटं राहिलीत."

"मला राईत जाऊन यायचं आहे. तिथे सोडत नाहीत."

"आज कळ काढा थोडी." ती हसली. "नाहीतरी तुमची पँट भिजणारच आहे."

इंजिनियरही हसला. सेत्तीमिओ दारात उभा राहिला. चार शब्दांचं काम होतं. हवा कोंडली आहे, थांब. बस, एवढंच. पण इंजिनियरच्या हातात वही होती, आणि इतकी वर्षं ज्या गोष्टीवर तोंड मिटलं ते तोंड परक्यासमोर उघडेना. त्याने स्वतःची समजूत घातली. रात्री पाऊस झालाय, हौद काठोकाठ आहे, नळ भरलेलाच असेल, एखाद्या वेळी निभावून जाईल. माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याला कारणं शोधावी लागत नाहीत. तो परतला आणि बाकावर जाऊन बसला.

नगराध्यक्ष वीस मिनिटं बोलले. मग घंटा वाजली. आधी पायऱ्यांवरून पाणी उतरलं, मग झुडपांमधली कारंजी उसळली, टाळ्या झाल्या. नंतर गुहेचा नळ. सेत्तीमिओला जमिनीखालून एक आवाज आला, कुणीतरी छातीतून खोकावं तसा. बाकी कुणाला तो कळायचं कारण नव्हतं. तो ताडकन उठला.

लोकांना वाटलं, म्हातारा भिजायला घाबरला. हशा पिकला. नगराध्यक्षांनी त्याचा दंड धरून त्याला खाली ओढलं आणि म्हणाले, "बसा सेत्तीमिओ, आज तुमची सुटका नाही."

तो बसला. बाकाखालून थेंबही आला नाही. गुहेत मात्र तोफ उडाल्यासारखं झालं, आणि शंखशिंपल्यांचं सगळं छत नदीदेवाच्या मूर्तीसकट खाली आलं. साडेचारशे वर्षांचं काम, अर्ध्या मिनिटात चिखल. बँडमधल्या एका तुतारीवाल्याच्या कपाळाला खोक पडली, बाकी माणसं वाचली. तांबडं पाणी नव्या कपड्यांच्या, डब्यांच्या, मुलांच्या पायांतून वाहत गेलं. ओर्नेल्ला मागच्या खोलीतून बाहेर आली तेव्हा तिचा तळहात फाटला होता आणि ती तोच तक्ता सगळ्यांना दाखवत होती. "मी कागदाप्रमाणेच केलं," ती म्हणत होती. "बघा ना. कागदाप्रमाणेच केलं."

चौकशीला बाहेरून तीन जण आले. तीनदा जे नीट झालं ते चौथ्यांदा बिघडलं, म्हणजे हाताची चूक, हे त्यांना समजायला दोन दिवस लागले. चाक घाईने उघडलं, असं अहवालात आलं, आणि न्यासाने तिची उमेदवारी तिथेच संपवली. गावानेही मान डोलावली. कारखान्यातली बाई ती, म्हणाले, वॉशबेसिन वेगळं आणि हे वेगळं. तेबाल्दीबाई तिच्या बाजूने एकट्या बोलल्या, पण त्यांच्याकडे बोलायला काही नव्हतं. कारण टेपवर बावीसच होत्या.

चौथ्या दिवशी संध्याकाळी सेत्तीमिओने सांगितलं. ताटलीत पावाचं सूप होतं, त्याला दोघांनीही हात लावला नव्हता.

"बावीस नाहीत," तो म्हणाला. "तेवीस आहेत."

तिला आधी कळलंच नाही. त्याने सगळं सांगितलं, वळण, दगड, कोंडलेली हवा, हॉस्पिटल. मग तिने विचारलं, "म्हणजे तुम्हाला राईत लघवीला लागायचं नाही?"

"नाही."

ती हसायला लागली, आणि ते हसू ऐकवत नव्हतं. "ओरेस्ते बिया आणून देतोय वीस वर्षं. आणि त्या दिवशी खोलीत आलात ते हेच सांगायला?"

"हो."

"मग?"

"इंजिनियर होता तिथे."

"इंजिनियर होता," ती म्हणाली. सेत्तीमिओ म्हणाला, मी उद्याच तेबाल्दीबाईंकडे जातो, माझी चूक आहे म्हणून सांगतो, तुझी नोकरी परत मागतो. त्यावर ती उठली आणि ताटल्या गोळा करायला लागली.

"काय सांगाल? बापाला ठाऊक होतं आणि मुलीला नव्हतं? त्या खोलीत मी तुमच्या शेजारी उभं राहून मोठी झाले, बाबा. कोण विश्वास ठेवेल? आता मला अडाणी म्हणतायत. तुम्ही बोललात की म्हणतील, बापलेकीने मिळून लपवलं आणि देव पाडला. अडाणी बाईला कुठेतरी काम मिळतं. तसलीला कोण देणार? गप्प बसा. तेवढं तुम्हाला येतं."

आयुष्यात पहिल्यांदा त्याला सांगायचं होतं, आणि आता सांगण्याची सोय नव्हती.

कारखान्यात तिची जागा भरली होती. तोरीनोला एका हॉस्पिटलच्या धोबीखान्यात मावसबहिणीने वशिला लावला. फाटकाजवळच्या खोल्या जूनअखेर सोडायच्या होत्या. सेत्तीमिओला ओरेस्तेने दुकानाच्या वरची खोली दिली. गुहा पत्र्यांनी झाकून न्यासाने बाकीची बाग उघडली होती. तोरीनोची बस संध्याकाळची. सकाळी ओर्नेल्ला म्हणाली, "चला, मला ती तोटी बघायची आहे."

दोघांनी खिडकीवर तिकिटं काढली. पाच पिढ्यांत पहिल्यांदाच ग्रास्सेल्ली पुढच्या दाराने आत गेले. तिकिटं फाडणारी पोरगी गावातलीच होती, तिने मान खाली घातली. पायऱ्यांवर एक शाळेची सहल बसली होती. राईत आता दोऱ्या नव्हत्या. सेत्तीमिओने दगड सरकवला, गुडघ्यांवर बसला आणि समजावून सांगू लागला. तीन आटे डावीकडे, आवाज थांबेपर्यंत वाट बघायची, मग एक आटा मागे, पाण्याची धार करंगळीएवढी झाली की बंद. सांगता सांगता त्याचा आवाज बदलला. त्याला वाटलं, चला, निदान हे तरी तिच्या हाती दिलं. तिने हलक्या हाताने तोटी फिरवून पाहिली आणि सगळा क्रम बिनचूक म्हणून दाखवला.

मग हात पुसत तिने विचारलं, "आणि चोविसावी?"

"चोविसावी नाही, बाळा."

"नक्की?"

"तुझ्या आईची शपथ."

ओर्नेल्लाने त्याच्याकडे नीट पाहिलं. रागाने नाही. वाण्याने वजन केलेलं असतं आणि तरी आपण पुडी हातात तोलतो, तसं पाहिलं. "बरं," ती म्हणाली, आणि बॅग आणायला खाली निघाली.

ती दर रविवारी फोन करते. त्यात कधी खंड पडला नाही. जेवलात का विचारते, तो सांगतो जेवलो. औषध घेतलं का, घेतलं. पडलाबिडलात नाही ना, नाही. खरंच सांगतो तो. आता खोटं बोलण्यासारखं त्याच्याकडे काही उरलेलं नाही. ती म्हणते बरं, आणि फोन ठेवते. मग सेत्तीमिओ खुर्चीत हलत नाही. दोनेक मिनिटांत खाली दुकानातला फोन वाजतो, आणि लाकडी तक्तपोशीमधून ओरेस्तेचा आवाज वर येतो, "हो गं, जेवलाय. मी स्वतः पाहिलं."